कुणी न घातलेला चपान

अक-जार, ३ मार्च २००२

मेदेर,

पैसे पोचले. झूमाबेक ड्रायव्हरने पाकीट माझ्याच हातात दिलं, म्हणून पोचले असं म्हणायचं. दोनशे डॉलर पाठवतो म्हणाला होतास, निघाले एकशे वीस. ऐंशी कुठे वितळले? तुझ्या पत्रात नोवोसिबिर्स्कची थंडी दीड पान आहे आणि त्या ऐंशींबद्दल अर्धी ओळ नाही.

आता इथली थंडी ऐक. फेब्रुवारीत तीन तोय झाले, तीन गावजेवणं. एक सुंतेचा, एक लग्नाचा, आणि तिसरा कशाचा होता ते जेवून घरी आल्यावरही मला कळलं नाही. बहुतेक कुणाच्या तरी मुलाने जुनी गाडी घेतली होती. तिन्हीकडे आहेर! आपल्या लग्नाला दोन वर्षं झाली. तेवढ्यात आपण लोकांच्या दारात जितकी मेंढरं नेऊन बांधली, तितकी आपल्या कुंपणात कधी नव्हती. लोक ऋण काढून सण करतात, आपण ऋण काढून दुसऱ्यांचे सण करतो.

काल मी बालिक्चीला जाऊन आले. तुझ्या आईला, आपांना, सांगितलं, शिवणाचे दोरे आणायला जाते. क्लावा आजीचं घर मी पुन्हा सगळं पाहिलं. दोन खोल्या, भिंतीतली चूल, मागे जर्दाळूची तीन झाडं, आणि मेदेर, अंगणात नळ! उघडला की पाणी येतं. तिची मागणी बाराशेचीच. निम्मे ऑगस्ट संपायच्या आत, निम्मे पुढच्या वसंतात. आपल्याकडे आता सहाशे वीस झालेत, मी तिथेच मोजून देणार होते. पण ती म्हणाली, मेलेल्या नवऱ्याच्या नावावरून घर माझ्या नावावर व्हायला जून उजाडेल, तोवर मी एक पैसा हातात धरणार नाही. सरळ बाई आहे. सगळं एका कागदावर लिहून दिलं. ऑगस्टनंतर मात्र दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

आपांना यातलं काही माहीत नाही, आणि व्यवहार होईपर्यंत माहीत व्हायला नको. तू शेंडेफळ. धाकट्याने आईची चूल सोडायची नाही, हे तुला मी सांगायला हवं का? आधी कळलं तर सगळं गाव आपांच्या आधी रडायला येईल.

म्हणून पैसे आणि तो कागद मी अशा ठिकाणी ठेवलाय की तिथे कुणाचा हात जायचा नाही. कुठे ते तुला लिहीत नाही. तुझ्या पोटात काही राहत नाही. आणि फोनवर विचारू नकोस. टपालात काकेन बाई दुसरा रिसीव्हर कानाला लावून बसलेली असते, आणि ऐकलेल्यात स्वतःचं मीठ घालून गावाला वाढते.

एकच कर. कुणाला काही कबूल करू नकोस.

तोल्कुन

*

नोवोसिबिर्स्क, २२ मार्च

माझ्या तिखट तोल्कुन,

तुझं पत्र मी खोलीतल्या सातही जणांपासून लपवून वाचलं. एवढं गरम होतं की शेगडीची गरज भासली नाही.

त्या ऐंशीचं काय झालं म्हणतेस, तर मुकादमाने पगार कापला. गिलावा वाळायच्या आत गोठला, दोष आमचा. पुढच्या वेळी भरून काढतो. तू नळाचं लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. इथे आम्ही नऊ मजली इमारतीत रोज शंभर नळांच्या भिंती लिंपतो आणि पाणी मात्र कोपऱ्यावरच्या हापशावरून आणतो.

लोकांवर एवढी चिडू नकोस गं. माणूस एकटा जगतो का? माझे वडील गेले तेव्हा हेच लोक मयताच्या जेवणासाठी घोडा घेऊन आले होते. आणि मी काही वेडा नाही, खर्च टाळायचं मलाही कळतं. आता बघ, सार्बागिश मामाच्या पोराचं लग्न तीस तारखेला आहे. भाचा रशियात आहे म्हटल्यावर रिकाम्या हाताने कसं चालेल? पण मी डोकं चालवलं. आपाला फोन करून सांगितलं, पैसे नको देऊस, पेटीत आपल्याच लग्नातला तो मखमली चपान, लांब अंगरखा, पडलाय, कुणी घालत नाही, तो माझ्या नावाने मामाच्या खांद्यावर टाक. फुकटात मान राहिला! आहे की नाही तुझा नवरा संसारी?

तुझा मेदेर

*

अक-जार, ९ एप्रिल

मेदेर,

हो. फार संसारी.

तुझं पत्र काल आलं. 'मखमली चपान' वाचलं आणि मी चूल तशीच टाकून पेटीकडे धावले. रजया उपसल्या, गालिचे उपसले, तळाचं वर्तमानपत्रसुद्धा काढलं. चपान नाही.

पैसे त्यात होते. सहाशे वीस डॉलर आणि क्लावा आजीचा कागद. पाठीच्या अस्तरात, मी स्वतः शिवले होते, असे बारीक टाके की मलाच दिसत नव्हते. का तिथे? कारण तो चपान तू पाहिलायस. पित्ताचा रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, जणू कुणी लग्नाच्या मांडवात आजारी पडलं. मी म्हटलं, जगबुडी झाली तरी हे कुणी अंगावर चढवणार नाही. शिवणकाम करते म्हणून मला अक्कल आहे असं मला वाटत होतं. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही की आपल्याकडे जे कुणी घालत नाही, तेच दिलं जातं! चांगला चपान माणूस स्वतः घालतो. वाईट चपान गावभर फिरतो.

आणि लग्नात मी होते, मेदेर. मागच्या अंगणात, समोवाराशी. चारशे माणसांचा चहा ओतत होते. पुढे माझं घर खांद्याखांद्यांवरून चाललं होतं आणि मी मागे लाकडं फोडत होते.

पुढचं ऐक. मामाने तो अंगावर ठेवलाच नाही. मांडवातच काढून नव्या व्याह्याच्या खांद्यावर टाकला. आता तो व्याह्याकडे.

मी काय करू? दिलेला आहेर परत मागू? सासूपासून पैसे चोरून ठेवले होते म्हणून सांगू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! आपा मला विचारतात, सुनबाई, चेहरा का उतरला? मी म्हणते, दात दुखतोय. त्या माझ्याकडे बघत राहतात आणि प्याला पुढे करतात.

सहाशे वीस डॉलर. दोन वर्षं. तुझी गोठलेली बोटं आणि माझे डोळे. आणि तू 'फुकटात मान राहिला' लिहितोस!

तोल्कुन. ('तुझी' पुढच्या पत्रात, जमलं तर.)

*

नोवोसिबिर्स्क, १ मे

तोल्कुन,

मी दोन रात्री झोपलो नाही. नंतर मलाही राग आला, तो लिहून टाकतो.

चपानात कोण पैसे ठेवतं? बरं, बँकेत नको, मान्य. माझ्या वडिलांनी आयुष्यभर बँकेत टाकलेल्या पैशांची शेवटी दोन पोती साखरसुद्धा आली नव्हती. पण मला सांगायला काय झालं होतं? मला माहीत असतं तर मी त्या चपानाचं नाव तरी काढलं असतं का? नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही म्हणे! तुझ्या पोटात राहिलं, त्याचं काय झालं?

जाऊन व्याह्याच्या बायकोला सांग, चपानाची एक शिवण उसवली होती, नीट करून देते. तू शिंपीण आहेस, कुणाला संशय येणार नाही. एवढं सोपं आहे. उगाच डोक्यावर घेऊन बसू नकोस.

मेदेर

*

अक-जार, ८ जून

मेदेर,

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तू म्हणालास तसंच केलं. सुई-दोरा घेऊन व्याह्याच्या घरी गेले. त्याची बायको हसून हसून लोळली. म्हणाली, 'बाई गं, शिवण कसली नीट करतेस, तो मी महिन्यापूर्वीच देऊन मोकळी झाले! पलीकडच्या गावात बाल्दिरकानकडे सुंता होती. तुमच्याकडे माणसं आहेर देऊन वर दुरुस्तीपण करून देतात होय?'

पलीकडच्या गावात गेले. सात किलोमीटर, चालत. बाल्दिरकान घरी नव्हती, सून होती, उम्सुन. तिचा नवरा कुबात तुझ्याच खोलीत राहतो ना? तोच. मी बसले, इकडचं तिकडचं बोलले, मग सहज म्हटलं, तुमच्याकडे तो सोनेरी वेलबुट्टीचा चपान आलाय ना, त्याची शिवण मला बघायची होती.

मेदेर, तिचा चेहरा पीठ फासल्यासारखा पांढरा झाला. चहा ओतत होती, हात असा थरथरला की प्याला काठोकाठ भरला आणि चादरीवर सांडला. काठोकाठ! पाहुण्याला भरलेला प्याला म्हणजे उठ आणि चालू लाग. मला म्हणाली, पेटीची किल्ली सासूकडे असते. खोटं. किल्ली तिच्या कमरेला लटकत होती, मी पाहिली.

चोराच्या मनात चांदणं. तिनेच काढलेत. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली, मूल ना बाळ, हिला पैसे हवेत कशाला? माझ्या अंगणातला नळ हिच्या कमरेला लटकतोय!

ती आगपाखड आता पुरे, दुसरी ऐक. टपालात काकेन बाईने मला मिठी मारली. म्हणाली, भाग्यवान आहेस, तुझा नवरा मोठ्या मनाचा, आजोबांच्या वर्षश्राद्धाला शिंगरू कबूल केलंय त्याने फोनवर! शिंगरू, मेदेर? घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. आपलं उलटंच. घरचं झालं थोडं आणि आपणच धाडायचं घोडं! ते ऐंशी डॉलर मुकादमाने कापले होते की तुझ्या जिभेने? खरं लिही.

आणि आपा तीन दिवस बालिक्चीला जाऊन आल्या. दात बसवायला म्हणे, सोन्याचा. परत आल्या तेव्हा तोंडात जुनीच फट. दात कुठे म्हटलं तर म्हणाल्या, 'डॉक्टर आवडला नाही.' या घरात पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हे मला आता विचारायचंही धैर्य नाही.

तोल्कुन

*

नोवोसिबिर्स्क, २९ जून

तोल्कुन,

खरं लिहितो.

मुकादमाने वीस कापले होते. साठ मी दिले. धाकट्या काकाला, छप्पर घालायला. शिंगरूही कबूल केलंय. आणखी एकाला शिलाई मशीन. हो, तुला नवी नाही, दुसऱ्याला.

तुला कसं सांगू? आम्ही आठ जण एका खोलीत झोपतो, चार खाटांवर, पाळीपाळीने. दुकानात गेलो की पोरगी पैसे हातातून घेत नाही, फळीवर ठेवा म्हणते. मुकादम आम्हाला नावाने हाक मारत नाही, सगळ्यांना एकच नाव ठेवलंय त्याने, ते मी लिहिणार नाही. आणि रविवारी घरी फोन लावला की पलीकडून आवाज येतो, 'मेदेर साहेब! आमचा आधार!' त्या तीन मिनिटांत मी माणूस होतो. मग कुणी काही मागितलं की तोंडातून हो जातं. रिसीव्हर ठेवला की मीच माझ्या थोबाडीत मारावं असं वाटतं. आता तूही मार.

पण उम्सुनचं वाचून माझं डोकं फिरलं. आम्ही इथे हाडं गोठवतो आणि ती तिथे आयत्या पैशांवर बसते! मी थांबलो नाही. काल जेवताना सगळ्यांसमोर कुबातला म्हणालो, तुझ्या बायकोने माझ्या बायकोचे सहाशे वीस डॉलर चपानातून काढलेत, परत दे म्हणावं. तो उभाच राहिला. आज सकाळी तो टपालात फोन करायला गेलाय.

आता निकाल लागेल. मी निदान एक तरी गोष्ट नीट केली.

मेदेर

*

अक-जार, १४ जुलै

मेदेर,

हे पत्र माझं नाही. आपा सांगतायत, मी लिहितेय. त्यांनी दम दिलाय की एक शब्द गाळायचा नाही, आणि शेवटी मला वाचून दाखवायचंय.

आधी काय झालं ते. काल दुपारी बाल्दिरकान गाढवगाडी हाकत आली. अंगणात उभी राहून तिने तो चपान आपांच्या पायांशी फेकला. म्हणाली, 'घ्या तुमचं सोनं! माझ्या पोराने फोनवर बायकोला चोर म्हटलं, काकेनने अख्ख्या गावाला ऐकवलं. माझ्या सुनेने रोटीवर हात ठेवून शपथ घेतली, मी घेतले नाहीत. रोटीवर! तरी पंधरा दिवस गावाचे टोमणे ऐकले, आज म्हटलं, ज्या चपानाने घरात आग लावली तो एक घटकाही घरात नको. पेटीतून ओढला आणि निघाले. ती पोरगी गाडीमागे रडत पळत येत होती, थांबा म्हणत. थांबते कशाला?' चहासुद्धा न घेता गेली. मी दारात उभी होते, जमीन दुभंगली असती तर आत गेले असते.

आता आपा.

'मेदेर, मी तुझी आई बोलतेय. आधी तुमच्या सहाशे वीसचं ऐक. ते चपानात नव्हतेच. लिही गं, थांबलीस का? ते मी काढून घेतले होते, चपान द्यायच्या आदल्या संध्याकाळी. एकोणीसशे एकोणसाठ साली माझ्या सासूने माझा एक कोट असाच कुणाला देऊन टाकला. त्यात माझे तेवीस रूबल होते. ते मला कधी मिळाले नाहीत आणि मी कधी कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून या घरातून कापडाचा तुकडाही माझ्या बोटांखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. तुझ्या बायकोचे टाके बारीक आहेत, पण माझी बोटं म्हातारी आहेत, आंधळी नाहीत. पैसे काढल्यावर तो नुसता चपान होता, म्हणून दिला.'

(मेदेर, आपा म्हणतायत, रडायचं नंतर, आधी लिही.)

'पैशांबरोबर कागद होता. मला रशियन वाचता येतं, हे तुम्ही दोघं विसरलात. घर घेणार, आईला न सांगता! का, तर धाकट्याने आईची चूल सोडायची नाही. मला कुणी विचारलं? गुडघे मोडेस्तोवर ओढ्यावरून पाणी आणणारी मी, आणि माझ्या नावाने या चुलीला चिकटून बसणारे तुम्ही! जूनमध्ये मी दाताचं निमित्त करून त्या क्लावाकडे गेले. दोघी म्हाताऱ्या तीन दिवस जर्दाळूखाली बसलो. सहाशे तिच्या हातात ठेवले, नोटरीकडे कागद केला. तोल्कुनच्या नावाने. तिचा पासपोर्ट मी पेटीतून नेला होता. तुझ्या नावाने नाही केला, मेदेर. तुला राग आला तर येऊ दे. तुझ्या नावावर घर असलं तर तू ते कुणाच्या तरी सुंतेत देऊन टाकशील. तुझा बाप असाच होता, चांगला माणूस आणि फुटका माठ. वरच्या विसांत माझं गाडीभाडं आणि गुडघ्याचं मलम झालं, त्याचा हिशेब मागू नका. पूर्वेकडची खोली माझी.

'साडेतीन महिने मी गप्प का बसले? वाट बघत होते. दिवसातून तीनदा ही माझ्या हातात प्याला देते, तीनदा मी हिच्या तोंडाकडे बघते, आज सांगेल, उद्या सांगेल. हिला दात दुखतोय म्हणे! सुनेला सासूजवळ तोंड उघडायची भीती वाटावी, असं काय केलं मी? त्याचा मला संताप आला आणि त्या संतापापायी मी हट्टाला पेटले. तिथे चुकले. मी बोलले असते तर त्या पोरीवर आळ आला नसता. हे लिही. मी चुकले, असंच लिही.

'आता मुख्य गोष्ट. काल चपान पायांशी पडला, मी सवयीने अस्तरावरून बोटं फिरवली. मेदेर, त्यात पैसे आहेत.'

आपांनी माझ्यासमोर अस्तर उसवलं. टाके माझे नव्हते. मोठे, घाईचे, काळ्या दोऱ्याचे. आत रुमालात तीन हजार एकशे सोम, सगळ्या दहाच्या, विसाच्या नोटा, अंडी विकून जमतात तशा. आणि एक चिठ्ठी. राजधानीतलं प्रसूती रुग्णालय, डॉक्टरचं नाव, तपासणीची तारीख पाच ऑगस्ट. खाली पेशंटचं नाव उम्सुन. आणि डॉक्टरच्या अक्षरात, 'दोनदा गर्भपात. यावेळी उशीर करू नये.'

कुणीही घालणार नाही असा चपान तिलाही सापडला होता.

आपा म्हणतायत, पुढचं त्यांना सांगायचं नाही. त्या बाहेर जाऊन बसल्यात.

*

अक-जार, १७ जुलै

मेदेर,

झूमाबेकची बस उद्या निघते, दोन्ही पत्रं तुला एकदम मिळतील. आधी आपांचं वाच.

मी दुसऱ्याच दिवशी पहाटे गेले. रुमाल पोलक्यात ठेवला होता. वाटभर तुला शिव्या देत होते आणि अर्ध्या वाटेत कळलं की त्या मलाच लागतायत. 'मूल ना बाळ, हिला पैसे हवेत कशाला?' हे मी लिहिलं होतं. माझ्या हाताने. किल्लीबद्दल ती खोटं बोलली ते माझे पैसे लपवायला नव्हे. ती बिचारी स्वतःचे वाचवत होती.

उम्सुन अंगणात शेण थापत होती. घरात कुणी नव्हतं. मी रुमाल तिच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, मोजून घे, आम्ही चिठ्ठी वाचली, तेवढा गुन्हा झाला, बाकी कुणाला ठाऊक नाही. तिने हात धुतले. पैसे मोजले नाहीत. चिठ्ठी तेवढी उलगडून तारीख पाहिली आणि पुन्हा घडी घातली.

मी म्हटलं, मला माफ कर. माझे पैसे घरातच होते, तुझ्यावर मीच आळ घेतला.

ती म्हणाली, 'तू माझ्या घरात बसून विचारलंस. दारं बंद होती. ते मी विसरेन. पण माझा नवरा सात माणसांसमोर मान खाली घालून उभा राहिला, आणि त्याने अख्ख्या गावासमोर मला चोर म्हटलं. मी रोटीवर हात ठेवला तरी त्याला पटलं नाही. ते कोण पुसणार?'

ते पुसायचं तुलाच आहे. म्हणून तुला लिहितेय. हे पत्र हातात पडेल त्या संध्याकाळी, जेवायच्या वेळी, सगळे आठ जण असताना उभा राहा. ज्या तोंडाने बोललास त्याच तोंडाने सांग की उम्सुनने काही घेतलं नव्हतं, पैसे माझ्या आईकडे होते, आणि मी खोटा पडलो. कुबातला एकट्याला बाजूला घेऊन नाही. सगळ्यांसमोर. मग त्याला रविवारी टपालात ने आणि फोनवर मोठ्याने बोलायला लाव. काकेन बाई ऐकत असेल, हवंच आहे. आयुष्यात एकदा तरी तिचा उपयोग होऊ दे. पाच तारखेच्या आत. तिच्या सासूने तिला राजधानीला जाऊ द्यायला हवं असेल, तर त्याआधी तिचं नाव धुतलेलं हवं.

तीन मिनिटं माणूस व्हायला तुला किती महागात पडतं ते तूच लिहिलं होतंस. ही तीन मिनिटं फुकट आहेत.

शिंगरू नाही, मशीन नाही. काकांना मी स्वतः जाऊन सांगेन, नवरा बोलला पण घर माझ्या नावावर आहे. ऑक्टोबरमध्ये येशील तेव्हा मंगळवारच्या बसने ये. त्या दिवशी बाजार नसतो, स्टँडवर कुणी नसतं. मेंढरू कापायचं नाही, असं आपा म्हणतात. तो चपान त्यांनी उसवलाय, अस्तराची माझ्या शिवणाच्या यंत्राला खोळ होणार आहे.

उम्सुनचं सांगायचं राहिलं. मी उठायला लागले तशी ती म्हणाली, 'बस, चहा घेऊन जा.' समोवारापाशी गेली, प्याला घेतला आणि माझ्याकडे बघत ओतत राहिली, अर्ध्यावर आली तरी थांबली नाही, काठापर्यंत भरला. यावेळी हात थरथरला नाही, एक थेंब सांडला नाही. माझ्यापुढे ठेवला.

मी तो सगळा प्यायले आणि उठले.

तोल्कुन